उजेड सारखा करताना

आमच्या महागावच्या घरात एक वही आहे. बहात्तर पानांची, जाड दोऱ्याने शिवलेली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस पाढे छापलेली. तिच्यात आमच्या आजीच्या तीनशे बारा ओव्या आहेत. आजीला अक्षरओळख नव्हती. ओव्या लिहून घेतल्या त्या आमच्या आत्याने, वयाच्या चौदाव्या वर्षी. पहिल्या पानावर ‘गुढीपाडवा, शके १८८३’ असे लिहिलेले आहे, म्हणजे १९६१ चा मार्च महिना. आत्याच्या शाळकरी वयात महागाव जागचे न हलता दोनदा राज्य बदलून बसले होते: १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. वहीतल्या ओव्यांना याची दखल नाही. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पैनगंगेचा पूर आहे आणि माहूरची रेणुका आहे.

आम्ही दोघे बहीण-भाऊ. आमच्यापैकी एकजण महाविद्यालयात मराठी शिकवते, दुसरा संगणकावरच्या प्रतिमांचे काम करून पोट भरतो. या वहीचे काहीतरी केले पाहिजे, हे आम्ही वीस वर्षे एकमेकांना सांगत आलो. गेल्या दिवाळीत वहीच्या पहिल्या आठ पानांच्या कडा हाताला लागताच भुरभुर गळताना पाहिल्या, तेव्हा सांगणे थांबवून पानांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत असे ठरले. पुढची हकीकत त्या छायाचित्रांची आहे.

घर जुने, माळवदाचे. भिंती हातभर रुंद, खिडकी एकच आणि तीही उंचावर. उजेड येतो तो मुख्यतः ओसरीच्या दारातून. त्या दिवशी दुपारी वीज गेली होती (ती त्या दिवशीच का गेली, असे विचारणारा वाचक आमच्या भागातला नसावा). आम्ही दाराशी पाट मांडला, पाटावर वही ठेवली आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने एकामागून एक पाने टिपत गेलो. तासाभरात काम झाले. काकूंनी चहा दिला. ‘झालं का रे सगळं?’ असे काकांनी विचारले, आणि आम्ही मोठ्या समाधानाने ‘झालं’ म्हणालो.

पुण्यास परतल्यावर संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाने उघडली. प्रत्येक पानाची डावी बाजू, म्हणजे दाराकडची, लख्ख होती आणि उजवी बाजू शिवणीकडे जाता जाता अंधारात बुडत होती. खालच्या अंगाला आमच्याच डोक्यांच्या सावल्या. छत्तिसाव्या पानावर तर उजवीकडच्या चार ओव्या मुळी दिसतच नव्हत्या.

संगणकाला चित्र दिसत नाही, त्याला आकडे दिसतात. करड्या रंगाच्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलला शून्य ते २५५ यांमधला एक आकडा असतो. शून्य म्हणजे काळेकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढरेशुभ्र. छत्तिसाव्या पानावर डावीकडच्या कोऱ्या कागदाचा आकडा २१४ भरला आणि तिथल्याच पेन्सिलच्या रेघेचा १५०. उजवीकडे कोऱ्या कागदाचा आकडा होता ९२ आणि रेघेचा ६४. म्हणजे डावीकडची अक्षरे उजवीकडच्या कोऱ्या कागदापेक्षा अधिक उजळ होती! ‘१२०च्या खाली जे ते अक्षर, वर जे ते कागद’ असा एकच नियम लावला तर डावीकडची अक्षरे कागदात विरघळतात आणि उजवीकडचा कागद सगळाच्या सगळा शाई होऊन बसतो. जपानी अभियंता नोबुयुकी ओत्सू याने १९७९ साली अशी विभागणीची रेषा प्रतिमेनेच निवडावी यासाठी एक सुरेख रीत दिली. पण रेषा एकच असेल तर ती कितीही शहाणपणाने निवडा, आमच्या पानाचे भागत नव्हते.

तीव्रतेचे सामान्यीकरण म्हणतात ते इथे कामास येते. (पारिभाषिक कोशांत ‘प्रसामान्य’ असा शब्द आहे, तो बरोबर असेल, परंतु आमच्या जिभेवर बसला नाही.) त्याची सर्वांत साधी रीत अशी, की प्रतिमेतला सर्वांत लहान आकडा शून्यावर न्यायचा, सर्वांत मोठा २५५ वर न्यायचा आणि मधल्या सर्वांना त्याच प्रमाणात ताणायचे. मळकट, फिकट प्रतिमा याने उठून दिसते. परंतु ताणल्याने रांगेतला क्रम बदलत नाही. ९२ हा आकडा १५०च्या खाली होता तो खालीच राहतो. आजारी माणसाला टाचा उंच करून उभे केले तरी त्याची उंची वाढत नाही, तसेच काहीसे.

खरी किल्ली भागाकारात आहे. १५० भागिले २१४ करून पाहा आणि ६४ भागिले ९२ करून पाहा. दोन्हीकडे उत्तर सुमारे ०.७० येते. पेन्सिलची रेघ दारापाशी असो वा शिवणीच्या खोबणीत असो, तिच्यावर पडलेल्या उजेडातला कागदाच्या मानाने सत्तर टक्के भाग ती परत पाठवीत होती. कॅमेऱ्यापर्यंत जे पोहोचते तो वस्तूचा स्वभाव आणि तिच्यावर पडलेला उजेड यांचा गुणाकार असतो. उजेड किती पडला हे ठिकठिकाणी ठाऊक असेल तर भागून टाकावा. मागे स्वभाव उरतो. ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे ते आधी लॉगॅरिथम घेतात, त्याने गुणाकाराची बेरीज होते, आणि मग वजाबाकी करतात. गोष्ट तीच.

हे आपले डोळे कायम करीत असतात. भर उन्हात पडलेला कोळसा अंधाऱ्या माजघरातल्या कागदापेक्षा पुष्कळ अधिक प्रकाश डोळ्यांत पाठवतो, तरी आपल्याला कोळसा काळाच दिसतो आणि कागद पांढरा. पोलरॉइड कॅमेऱ्याचा जनक एडविन लँड याने १९६०च्या आणि ७०च्या दशकांत याच कोड्यावर प्रयोग केले आणि आपल्या उपपत्तीला ‘रेटिनेक्स’ असे नाव दिले. नेत्रपटल आणि मेंदूचे कवच या दोन्ही शब्दांची ती मोडतोड करून केलेली जोड होती. हे काम नेमके कुणाचे, डोळ्याचे की मेंदूचे, हे सांगता येत नाही याची ती प्रांजळ कबुलीच म्हणायची. त्या दुपारी ओसरीत वही वाचताना आमच्यापैकी कुणालाही पान अर्धे काळे वाटले नव्हते. उजेड विषम आहे हे आम्हांला प्रथम यंत्राने सांगितले.

प्रश्न इतकाच, की कुठे किती उजेड पडला हे कळावे कसे? खगोलशास्त्रज्ञांची यावरची युक्ती आम्हांला आवडते. जुन्नरजवळ गिरवली येथे ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. अशा दुर्बिणींवर काम करणारे लोक संध्याकाळी, तारे उगवण्याच्या आधी, संधिप्रकाशातल्या रिकाम्या आकाशाची छायाचित्रे घेतात. आकाशाचा तेवढा तुकडा सर्वत्र सारखाच उजळ असतो, तेव्हा त्या छायाचित्रात जी विषमता दिसेल ती आकाशाची नसून यंत्राची. रात्रीच्या प्रतिमांना मग त्या प्रतिमेने भागायचे. आम्हांला हेच करता आले असते: वहीच्या जागी एक कोरा पांढरा कागद ठेवून एक छायाचित्र घ्यायचे, बस्स. ते आम्ही केले नव्हते. प्रतिमांच्या कामावर जो पोट भरतो त्याला पाटावर वाकलेला असताना हे सुचले नाही, याची आठवण दुसरीने त्याला नंतर वारंवार करून दिली.

कोरा कागद नसेल तर दुसरा उपाय उरतो, अंदाजाचा. प्रतिमा इतकी धूसर करायची की अक्षरे पुसून जावीत आणि केवळ उजेडाचा चढ-उतार उरावा; मग मूळ प्रतिमेला त्या धूसर प्रतिमेने भागायचे. या उपायाच्या पोटात एक गृहीत आहे: जे हळूहळू बदलते तो उजेड, आणि जे झटकन बदलते ते अक्षर. आमच्या प्रतिमांत पानाची रुंदी साधारण तीन हजार पिक्सेल होती आणि अक्षराची उंची पाऊणशे. दीडशे पिक्सेलच्या त्रिज्येने धूसर करून भागले आणि बहात्तर पाने रात्रभर यंत्रातून काढली. सकाळी पाहतो तो प्रत्येक पान डावीकडून उजवीकडे एकसारखे, दुधासारखे. छत्तिसाव्या पानावरच्या त्या चार बुडालेल्या ओव्या वर आल्या. त्यांतली एक आम्ही दोघांनीही पूर्वी कधी ऐकली नव्हती. तीत आजी मेलेल्या भावाला दळणाच्या वाटणीचे पीठ देऊ करते. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

आनंद आठवडाभर टिकला. मग पानांचा खालचा उजवा कोपरा रिकामा का वाटतो, हे आमच्यापैकी एकीच्या ध्यानात आले. त्या कोपऱ्यांवर आजीचा अंगठा होता.

हे सांगायला हवे. आजीला वाचता येत नव्हते, परंतु वही आत्याने लिहून पुरी केल्यावर ती देवघराच्या कोनाड्यात राहू लागली. आत्याचे लग्न होऊन ती पुसदला गेली, तरी रोज दिवेलागणीला आजी वही मांडीवर घेई आणि ओव्या म्हणे. ओव्या तिला पाठच होत्या. त्या तिच्याच होत्या. तरी चार-पाच ओव्या झाल्या की ती पान उलटी. ते पान त्या ओव्यांचेच असे असे नव्हे. हाताला तेल, हळद, निरांजनाची काजळी जे काही लागलेले असे ते कोपऱ्याला लागे. वर्षानुवर्षांत तिथे रुपयाएवढा, कडांना विरत जाणारा पिवळट-काळा डाग पडला होता, बहात्तरही पानांवर. आमच्या छायाचित्रांत त्या डागाचा व्यास चारशे पिक्सेलच्या आसपास होता. तो हळूहळू बदलत होता. म्हणून यंत्राने त्याला अंधार समजून भागून टाकले.

यंत्राची यात चूक काढता येत नाही. काजळी आणि सावली यांच्यातला फरक आकड्यांत नाहीच. दोन्ही कागदाला सारख्याच संथपणे काळवंडतात. फरक कळतो तो ज्याला आजी ठाऊक आहे त्याला. त्रिज्या वाढवून सहाशे केली तेव्हा डाग परत आले, परंतु त्यांच्याबरोबर शिवणीजवळचा अंधारही थोडा परत आला. दोन्ही एकदम मिळेनात.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच नवा नाही. एखाद्या हस्तलिखितात जे खटकते ते लेखनिकाच्या हातून घडलेले, म्हणून दूर करायचे, की ते ग्रंथाच्या अंगचे, म्हणून राखायचे, हा पाठचिकित्सेचा जुनाच प्रश्न. आमच्या जिल्ह्याला तर त्याची परंपरा आहे. महानुभाव पोथ्यांचा शोध घेत हिंडणारे य. खु. देशपांडे यवतमाळचे, तिथल्या ‘शारदाश्रमा’त त्यांनी जमवलेल्या पोथ्यांवर मराठीच्या अभ्यासकांच्या काही पिढ्या पोसल्या. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली आणि पुढे ती अनेकांच्या आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. तेव्हा पाठांत विषमता आली यात नवल नाही. कुणाच्या आठवणीवर दाराचा उजेड पडला होता, कुणाच्या आठवणीवर शिवणीचा अंधार. संपादकाने सर्व पाठ एका पातळीवर आणले तर वाचणे सोपे होते, आणि कोण आठवत होते ते हरवते.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले) संपादकांना जिथे पाठाची पुरेशी खात्री नव्हती तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे, आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जसेच्या तसे आहेत. आमच्यापैकी एकजण वर्गात ही रेघ विद्यार्थ्यांना मोठ्या उत्साहाने दाखवते. आपल्याच आजीच्या वहीचे पान दुधासारखे झालेले पाहून तिला ती रेघ आठवायला आठवडा लागला.

पुढचा घोटाळा अधिक लाजिरवाणा. तो लिहावा की नाही यावर आमच्यात मतभेद होता; बहुमत नसल्याने लिहीत आहोत.

भागाकार केल्यावर कागदावरचे बारीकसारीक ठिपके फार उठून दिसू लागले होते. कागदातली कुसळे, धूळ, माशांचे शिंतोडे. तेव्हा ठरावीक आकारापेक्षा लहान आणि कशालाही न चिकटलेला काळा ठिपका दिसला की तो पुसावा, अशी आज्ञा यंत्राला दिली होती. या स्वच्छ केलेल्या पानांवरून आमच्यापैकी मराठी शिकवणारीने वहीची संहिता उतरवून घेतली आणि एका चर्चासत्रासाठी टिपण लिहिले. त्यात तिचा एक मुद्दा असा होता: वहीत ‘घरात’, ‘त्याने’, ‘करू’ अशी लेखने आहेत, अनुच्चारित अनुस्वार कुठेच नाहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना शासनमान्यता मिळाली ती १९६२ साली; त्याआधी शाळेतल्या मुलीने ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘करूं’ असेच लिहिले असते. तेव्हा पहिल्या पानावरची मिती १९६१ची असली तरी वही प्रत्यक्षात नंतरच्या काळात, कदाचित दुसऱ्या कच्च्या वहीवरून, उतरवलेली असावी. मुद्दा तर्कशुद्ध होता. टिपण चांगले झाले होते.

अनुस्वार सगळे होते. ‘घरांत’वर होता, ‘त्यानें’वर होता, ‘करूं’वर होता. आत्याने टोकदार पेन्सिलीने दिलेले ते सहा-सात पिक्सेलांचे ठिपके कशालाही चिकटलेले नव्हते. यंत्राने ते माशांच्या शिंतोड्यांबरोबर पुसून टाकले होते. १९६२ साली महामंडळाने जे केले ते आम्ही एका रात्रीत, नियम न वाचता, केले. सुदैवाने टिपण पाठवण्याआधी एका ओवीचा अर्थ लागेना म्हणून मूळ छायाचित्र उघडले गेले. तिथे ‘नें’वरचा ठिपका डोळ्यांत टोचल्यासारखा दिसला, मग शेजारचा, मग पानभर.

त्यानंतर आम्ही सगळी स्वच्छ केलेली पाने बाजूला ठेवली आणि मूळ छायाचित्रांकडे नव्याने वळलो. आता उजेड पुसायचा नव्हता, केवळ अंधारात काय आहे ते पाहायचे होते. त्यासाठी वेगळी रीत आहे. प्रतिमेचे लहान लहान चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनातले आकडे त्या त्या चौकोनापुरते फाकवायचे. मात्र अमुक मर्यादेपलीकडे फाकवायचे नाहीत, नाहीतर कागदाचा रवासुद्धा डोंगराएवढा होतो. ही रीत वैद्यकीय प्रतिमांसाठी १९८०च्या दशकात विकसित झाली. क्ष-किरणांच्या चित्रात हाडाच्या आड दडलेले काही दिसावे हा उद्देश. सव्वीस क्रमांकाच्या पानावर ती लावली तेव्हा ‘डोळे’ या शब्दातल्या ‘ळे’च्या मागे काहीतरी दिसले.

काहीतरी, म्हणजे एक उभी दांडी आणि तिला डावीकडे एक वळण. ‘ये’.

आजीचे माहेर दारव्ह्याकडचे, म्हणजे खास वऱ्हाडी. महागावात वऱ्हाडी आणि मराठवाडी बोलींची सरमिसळ आहे. पैनगंगा ओलांडली की मराठवाडाच. पण आजीने आपले ‘डोये’, ‘काया’, ‘आभाय’, ‘जवय’ कधी सोडले नाही. वहीत मात्र सगळीकडे ‘डोळे’, ‘काळा’, ‘आभाळ’, ‘जवळ’ होते. शाळकरी मुलीने ऐकता ऐकता शुद्ध करून लिहिले असावे, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. आता वाटू लागले की तिने आधी ऐकले तसेच लिहिले होते आणि नंतर कुणीतरी खोडरबराने ‘य’ पुसून त्यावर ‘ळ’ गिरवला.

केवढा फरक पडतो! जात्यावरच्या ओव्यांचा आपल्याकडचा संग्रह मोठा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये त्या गोळा केल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतल्या पुष्कळशा बायकांच्या आवाजातच ध्वनिमुद्रित झाल्या. पण १९६१ साली वऱ्हाडी बाईची ओवी तिच्याच मुलीने तिच्याच उच्चारासह कागदावर उतरवावी, हे आमच्या पाहण्यात दुसरीकडे नाही. आमच्यापैकी एकीला पानापानावर ‘य’ दिसू लागले. रात्री अकरा वाजता ती दुसऱ्याला फोन करी: ‘एकेचाळिसाव्या पानावर बघ, तिसरी ओळ.’

दुसऱ्याला ते दिसेना. त्याचे म्हणणे असे, की जिथे काही नाही तिथे आकडे फाकवले तर कागदाच्या रव्यांतूनही अक्षरे तयार होतात. खोडरबर घासलेली जागा खरखरीत असते, तिथे हे अधिकच होते. त्याने परीक्षा म्हणून एका कोऱ्या समासाचा तुकडा तीच रीत लावून धाडला, आणि हे कुठल्या पानावरचे आहे ते सांगितले नाही. एकीला तिथेही ‘य’ दिसला. या प्रसंगानंतर आमचे बोलणे चार दिवस बंद होते.

म्हणून जानेवारीत, संक्रांतीच्या सुटीला, आम्ही पुन्हा महागावला गेलो. या वेळी पांढरा कोरा कागद नेला होता. वहीच्या जागी तो ठेवून प्रत्येक बैठकीचे एक छायाचित्र घेतले, आणि त्याने भागल्यावर आजीचे अंगठे जागच्या जागी राहिले. कोऱ्या कागदावर दाराचा उजेड होता, अंगठा नव्हता, तेव्हा उजेडच तेवढा वजा झाला. शिवणीपाशी वहीचे पान जिथे फुगते तिथे सपाट कागदाचा उपयोग होत नाही. तिथला अंधार आम्ही राहू दिला आहे.

पण ‘य’चा प्रश्न याने सुटणार नव्हता. तो सुटला तो संध्याकाळी, आणि सुटावा म्हणून आम्ही काही केले नव्हते. वीज पुन्हा गेली. काकांनी मोबाईलची बॅटरी लावून पाटाच्या कडेला आडवी ठेवली, कारण कपात चहा ओतायचा होता. सव्विसावे पान उघडेच होते. उजेड कागदाच्या अगदी अंगावरून, तिरपा, सरपटत गेला, आणि पान एकाएकी नांगरलेल्या शेतासारखे दिसू लागले. आत्या पेन्सिल दाबून लिहीत असे. शिसे खोडरबराने गेले होते, पण टोकाने कागदात पाडलेली सरी गेली नव्हती. प्रत्येक सरीच्या एका काठाला उजेड, दुसऱ्या काठाला सावली. ‘ळे’च्या खाली ‘ये’ची दांडी स्वच्छ होती. तिच्याखाली ‘मला’ होते, आणि ‘ला’च्या डोक्यावर पुसलेल्या मात्रेची तिरकी सरी: ‘मले’.

तीन महिने जो विषम उजेड आम्ही आकडेमोड करून घालवत होतो, तोच हवा होता. ही गोष्टही जगाला ठाऊक आहे. चित्रांचे जाणकार कॅनव्हासवर तिरपा उजेड टाकून पाहतात, आणि टॉम माल्झबेंडर याने २००१ साली एकाच वस्तूवर अनेक दिशांनी उजेड टाकून, सर्व छायाचित्रे एकत्र करून, पडद्यावर हवा तसा उजेड फिरवता येईल अशी रीतही मांडली. आम्ही त्या रात्री चार दिशांनी चार, अशी सव्विसाव्या पानाची छायाचित्रे घेतली. मग आणखी नऊ पानांची. कोऱ्या समासाचेही एक घेतले. समासात सरी नव्हती. एकेचाळिसाव्या पानावर तिसऱ्या ओळीतही नव्हती; तिथे आत्याने पहिल्यापासून ‘काळा’ असेच लिहिले होते. दहा पानांत मिळून सतरा ठिकाणी ‘य’ सापडला. एकीने पाहिलेल्या ‘य’ची संख्या याच्या चौपट होती.

दुसऱ्या दिवशी पुसदला आत्याकडे गेलो. तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांची दोन्ही शस्त्रक्रिया झालेल्या. तिरप्या उजेडातली छायाचित्रे आम्ही कागदावर छापून नेली होती. तिने ती लांब धरली, जवळ धरली.

‘हे कुणी खोडलं आत्या?’

‘मीच,’ ती म्हणाली. ‘गुरुजींनी वही मागितली होती. वाचून म्हणाले, अक्षर छान आहे पोरी, पण हे असं अशुद्ध लिहून ठेवू नये, उद्या कुणी वाचलं तर हसेल. चार दिवस बसून खोडत होते. पुढचं मग आधीपासूनच शुद्ध लिहिलं.’

‘आजी काही बोलली नाही?’

‘तिला काय कळणार? रोज संध्याकाळी मला वाचून दाखव म्हणायची.’

‘आणि तू वाचून दाखवायचीस?’

आत्याने उत्तर दिले नाही. टेबलावर कोऱ्या कागदाने उजेड सारखा केलेले सव्विसावे पान होते, ते तिने उचलले. चष्मा सारखा केला. पानावर स्पष्ट, काळेभोर, ‘डोळे’ लिहिलेले होते. खाली अंगठ्याचा डाग होता. ती वाचू लागली, वाचता वाचता तिचा आवाज ओवीच्या चालीवर गेला, आणि ‘डोळे’ जिथे होते तिथे ती ‘डोये’ म्हणाली, ‘मला’ होते तिथे ‘मले’. ओळीवरून बोट फिरवीत तिने पान संपवले आणि पुढचे मागितले. पुढचे पान आम्ही छापून नेले नव्हते.